सगळ्यांनी पाजलेलं करडू

उजाडता उजाडता थोरली चाऱ्याचा भारा घेऊन गोठ्यात शिरली. बाहेर भुरभुर पाऊस होता, आत शेळ्यांचा उबदार वास. शेळ्यांनी नेहमीसारख्या गव्हाणीच्या उभ्या फळ्यांमधून माना बाहेर काढल्या होत्या. डोळ्यांवरची झोप तशीच ठेवून तिने ओळीने पेंढ्या टाकायला सुरुवात केली. म्हातारीपुढे एक, शिंगमोडीपुढे एक, त्यापुढच्या डोक्यापुढे एक... आणि ती पुढे सरकली. मग थांबली. त्या तिसऱ्या डोक्याला चष्मा होता.

"नमस्कार," डोकं म्हणालं. "चारा छान दिसतोय, पण मी निघतानाच खाऊन आलोय."

थोरलीने कोपऱ्यातलं दाताळं उचललं आणि तू कोण, असं विचारलं. म्हणजे शब्द "तुम्ही कोण" असे होते, पण दाताळं एकेरीत बोलत होतं.

"स्वयंसेवक."

"कसले?"

"शेतीकामात मदत करणारे," फळ्यांत मान अडकलेल्या त्या माणसाने अत्यंत जबाबदारीने सांगितलं.

चौकशीत निष्पन्न झालं ते असं. शहरातल्या कुठल्याशा संस्थेच्या गाडीतून चार माणसं पहाटेच आली होती. त्यांना आत्याने बोलावलं होतं. आत्या चहा टाकायला गेली, तेवढ्यात हा शेळ्या बघायला गोठ्यात शिरला. एका शेळीने त्याची टोपी ओढून गव्हाणीत टाकली. टोपी काढायला त्याने फळ्यांमधून डोकं घातलं. डोकं गेलं. परत येईना.

"आणि तुम्ही एरवी काय करता?" थोरलीने विचारलं.

तो जरा अवघडला. अवघडायला जागा नव्हती, तरी अवघडला. "लिफ्ट दुरुस्त करतो. म्हणजे मुख्यतः... अडकलेली माणसं बाहेर काढतो."

दुसरी कोणी असती तर इथे हसली असती. थोरलीही आतून हसली. पण ती आधीच रागावलेली होती, आणि चालू राग अर्धवट सोडायची तिला सवय नव्हती. अडकवणारी फळी सरकवायची खुंटी हाताशी होती. ती न काढता थोरली तशीच घराकडे गेली, आत्याशी भांडायला. भांडण बऱ्यापैकी लांबलं. परत आली तेव्हा शिंगमोडीने त्या माणसाचा डावा कान चाटून स्वच्छ केला होता आणि उजव्याची वाट बघत होती.

थोरलीचा राग नवा नव्हता. काही माणसं घोरतात, तशी ती रागावायची; घरच्यांना त्याशिवाय झोप लागायची नाही. तिचा आवाज चढला की शेळ्या चटकन पान्हा सोडत, इतकी त्यांना सवय झाली होती. पण या वेळच्या रागाला कारण होतं, आणि कारण ओसरीवर बसलं होतं. पाय प्लास्टरमध्ये, गळ्यात दुर्बीण.

बाबा चाऱ्याच्या माळ्यावरून शिडीसकट खाली आले होते. हाड सांधलं, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आता माळा, शिडी, शेळ्या, सगळं बंद. त्यावर बाबांनी जाहीर केलं की जमीन पलीकडच्या कोंबडीवाल्याला द्यायची. कोंबडीवाला तयारच होता. त्याच्या कोंबड्यांच्या शेडा दर वर्षी कुंपणाच्या दिशेने एकेक पाऊल टाकत होत्या. आपण दोघं धाकटीकडे राहायला जाऊ, बाबा म्हणाले. धाकटी लग्न होऊन शहरात होती आणि तिच्या घरात शेळीला जागा नव्हती. थोरलीने तीन खोल्या हादरतील असा आकांत केला. शेवटी बाबांनी अट घातली: हा हंगाम संपेपर्यंत तू एकटीनं सगळं करून दाखव. एकटीनं. मी केलं तसं. झेपलं तर शेत तुझं, नाही तर कोंबडीवाल्याचं.

आणि आत्याने, थोरलीला न विचारता, हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात चार माणसं आणून उभी केली.

"अगं, तुझे डोळे बघ," आत्या म्हणाली होती. "खड्ड्यात गेलेत."

"डोळे माझे आहेत. अट 'एकटीनं' अशी आहे. ही चौघं काय शेळ्या म्हणून मोजायची?"

बाबांनी दुर्बिणीतून चौघांना न्याहाळलं, आणि काहीच म्हणाले नाहीत. थोरलीला तेच झोंबलं. बाबा हो म्हणाले असते तर ती नाही म्हणाली असती, नाही म्हणाले असते तर हो. गप्प बसलेल्या माणसाशी काय भांडणार?

तिने अंगणात चौघांना उभं केलं. एक निवृत्त मुख्याध्यापिका, एक दातांचे डॉक्टर, एक बसचा कंडक्टर, आणि एक कान जास्त स्वच्छ असलेला लिफ्टवाला. तुम्ही पाहुणे आहात, तिने सांगितलं, चहा प्या, बटाटे खा, हवा खा, कामाला हात लावू नका. विशेषतः एक्स्ट्राच्या बाटलीला. ती बाटली मी देते, ठरलेल्या वेळी देते, तिला कोणी हात लावायचा नाही आणि त्याबद्दल माझ्याशी बोलायलाही यायचं नाही.

एक्स्ट्रा म्हणजे शिंगमोडीचं तिसरं करडू. शेळीला सड दोन. पहिल्या दोन करडांनी एकेक सड धरला आणि मग जगात आणखी कोणी आहे हे दोघांनीही अमान्य केलं. म्हणून तिसरं बाटलीवर. अंगाने उंदराएवढं, पण चेहरा असा की सगळ्या जगाने त्याला फसवलंय. बघणाऱ्याला वाटायचं, त्या सगळ्या जगात आपणही आलोच.

चौघांनी मान डोलावली. आणि कामाला लागले.

त्यानंतर त्या शेतावर जे झालं त्याला मदत म्हणावं की युद्ध, हे ठरवणं अवघड आहे. मुख्याध्यापिकाबाईंनी गोठा झाडला, म्हणून थोरलीने तो पुन्हा झाडला. ती अंधार असतानाच उठून धारा काढायला गेली, तर दातांचे डॉक्टर तिच्याआधी तिथे, एका बोकडाचे दात तपासत होते आणि त्याला दाढेखाली काही खुपतं का विचारत होते. कंडक्टर शेळ्या चरायला नेताना "चला, पुढे चला, पुढे जागा आहे" असं इतक्या कळकळीने म्हणायचा की शेळ्या खरंच पुढे सरकायच्या, आणि एक-दोन तर पार कोंबडीवाल्याच्या हद्दीत पुढे सरकल्या. टोमॅटोला तिने पाणी दिलं, त्यांनी दिलं, मग तिने त्यांचं मोजायचं नाही म्हणून पुन्हा दिलं. टोमॅटो पोहायला लागले. संध्याकाळपर्यंत प्रत्येक काम दोनदा झालेलं असायचं आणि थोरली चारपट दमलेली.

लिफ्टवाल्याचं वेगळंच. तो कशालाच हात लावायचा नाही. नको म्हटलं की थांबायचा. पण जिथे ती असेल तिथेच आसपास असायचा, आणि तेही असा काही की जणू त्याला तिकडेच जायचं होतं.

एका सकाळी ती कुंपणाची तार ताणत होती. पाऊस पडायचा की थांबायचा ते ठरवत होता. तारेचं दुसरं टोक सारखं सुटत होतं. एकदा सुटलं, दोनदा सुटलं, आणि मग सुटेना. तिने वळून पाहिलं. तार धरून तो उभा होता, ओल्या चष्म्यातून भलतीकडे कुठेतरी बघत.

"मला मदत नकोय."

"मी मदत करत नाहीये. मी तार धरून उभा आहे. तुम्ही शेजारी काम करताय हा योगायोग."

"सोडा ती."

त्याने सोडली. तार सपकन तिच्या पायाशी येऊन पडली. दोघंही तारेकडे बघत राहिले.

"...धरा," ती म्हणाली. "पण ही मदत नाही."

"छे. कोण म्हणेल."

खांब ते खांब असं करत ते पुढे गेले. ती भरपूर बोलली. कोंबडीवाल्याबद्दल, आत्याबद्दल, बाबांच्या दुर्बिणीबद्दल, संस्थांबद्दल, एकूणच चांगल्या माणसांबद्दल. चांगल्या माणसांचा तिला फार राग होता. ती येतात, फोटो काढतात, आणि जाताना झाडू भलत्याच जागी ठेवून जातात. तो ऐकत होता. मधूनमधून "हं" म्हणत होता, आणि ते "हं" उडवून लावणारं नव्हतं. दर वेळी जरा वेगळं होतं.

तुम्हाला राग कसा येत नाही, तिने शेवटी चिडून विचारलं.

"सवय आहे. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं आधी मलाच शिव्या देतात. दार उघडायला वेळ लागतो. तोवर मी बाहेर बसतो, सांगतो की मी इथेच आहे. ते ओरडतात... ओरडतात तोवर मला काळजी नसते." त्याने चष्मा शर्टाला पुसला. शर्ट जास्त ओला होता. "गप्प झाले की मी घाबरतो."

थोरली यावर काहीतरी जोरदार बोलणार होती. तोंड उघडलं, आणि बोलायला काही सापडेना. पावसाने ठरवलं होतं, तो पडत होता. त्याच्या कपाळावरून एक थेंब नाकाच्या शेंड्यापर्यंत आला आणि तिथेच लोंबकळत राहिला, आणि तिला तो पुसावासा वाटला. या गोष्टीचा तिला इतका संताप आला की कान लाल झाले.

"आता मी घाबरलोय," तो म्हणाला.

"तार ओढा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने बाटली घेऊन एक्स्ट्राला हाक मारली, तर एक्स्ट्रा आलं नाही. ते गोठ्याच्या कोपऱ्यात आडवं पडलं होतं, पोट ढोलासारखं ताणलेलं, पाय काठ्यांसारखे. तिने पोटावर बोट वाजवलं. ढोलच. श्वास इतका वरवर चालला होता की तो मोजायची भीती वाटावी.

तिने जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते लांब कुठेतरी विताना अडलेली गाय सोडवत होते. काय खाल्लंय, त्यांनी विचारलं. दूध, ती म्हणाली, माझ्या हातचं, मोजून. मोजून पाजलेलं करडू असं फुगत नाही, डॉक्टर म्हणाले. पुढचे पाय वर धरा, डावी कूस चोळत राहा, चमचाभर तेल द्या, थांबू नका, मी पोचतो. आणि आधी शोधा, किती प्यायलंय.

थोरली करडू छातीशी धरून अंगणात आली. तिने काही ओरडायच्या आत मुख्याध्यापिकाबाईंनी सगळ्यांना ओळीत उभं केलं. ही त्यांची नोकरीची सवय होती. आणि अपराध्यासारखं ओळीत उभं राहणं ही बाकीच्यांची शाळेपासूनची.

"कोणी पाजलं?" थोरलीने विचारलं.

बाई स्वतःच आधी एक पाऊल पुढे आल्या. सकाळी एकदा, त्या म्हणाल्या. त्याचा चेहरा बघवेना. मी रागवायला म्हणून गेले होते त्याला, ओरडू नकोस म्हणून... मग बाटलीच भरली. दातांच्या डॉक्टरांनी चष्म्याची काच पुसत सांगितलं की त्यांनी केवळ हिरड्या तपासायला बाटली तोंडात दिली होती. ती रिकामी झाली हा वैद्यकीय योगायोग. कंडक्टरने मान खाली घातली. दोनदा, तो म्हणाला, एकदा जाताना, एकदा येताना. प्रत्येकाने चोरून पाजलं होतं, कारण तिने बंदी घातली होती. आणि चोरून पाजलं म्हणून एकाचं दुसऱ्याला ठाऊक नव्हतं. प्रत्येकाला वाटलं, या बिचाऱ्यावर दया करणारा या घरात मी एकटाच.

आत्या पदराशी चाळा करत पुढे आली. "मी आपलं... थोडंसं. साखर घालून."

"साखर?"

"चिमूटभर गं."

थोरलीचा राग आता शब्दांच्या पलीकडे गेला होता. तिला वाटलं की झालं, आता याच्या पलीकडे काही नाही. तेवढ्यात ओसरीवरून कुबड्यांचा आवाज आला. टक. टक. बाबा एकेक पायरी उतरून अंगणात आले आणि ओळीच्या शेवटी जाऊन उभे राहिले.

 पावसाचं पाणी पन्हाळीतून पिंपात पडत होतं, तेवढाच आवाज.

"जेवणं झाल्यावर," बाबा म्हणाले. "तू मागे परसात होतीस. ते करडू मला दुर्बिणीतून दिसत होतं. उपाशी वाटलं."

आता उरला फक्त लिफ्टवाला. थोरली त्याच्याकडे वळली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, निव्वळ संतापाचं. "आणि तुम्ही किती वेळा?"

"नाही पाजलं."

"खोटं."

"तुम्ही नको म्हणालात ना."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. या शेतावर, या घरात, किंबहुना आजवरच्या आयुष्यात, तिने नको म्हटलेली गोष्ट कोणी न केल्याचं तिला आठवत नव्हतं. आणि ते आताच, हातात मरणाच्या दारातलं करडू असताना कळायचं होतं.

"मग उभा काय राहिलायस?" ती कडाडली. "पाय धर याचे. वर."

गोठ्यात गवताच्या गंजीवर दोघं समोरासमोर बसली. त्याने करडाचे पुढचे पाय आपल्या खांद्यावर घेतले, जसं एखाद्या बाळाला ढेकर काढायला घेतात. ती डावी कूस चोळू लागली, खालून वर, खालून वर. पत्र्यावर पाऊस वाजत होता. तेल दिलं. त्यातलं निम्मं त्याच्या शर्टावर गेलं. हात दुखायला लागले की ती पाय धरायची आणि तो चोळायचा. बदली करताना बोटांना बोटं लागत होती आणि दोघंही त्याबद्दल काही बोलत नव्हते, कारण मध्ये एक करडू होतं आणि ते मरायला टेकलं होतं.

"माझंच चुकलं," ती अचानक म्हणाली. आवाज रागाचाच होता. तिच्याकडे दुसरा नव्हता. "मी सांगायला हवं होतं. कधी देते, किती देते, का देते. मी फक्त ओरडले."

"हं," तो म्हणाला.

"हं काय? नाही म्हण ना. तुझं चुकलं नाही म्हण."

"थोडं चुकलं."

"...तू फार वाईट आहेस."

"आपण एकेरीवर कधी आलो?"

"मघाशीच. अंगणात. लक्ष कुठे होतं तुझं?"

"तुझ्याकडे," तो म्हणाला, आणि करडाच्या पाठीमागे तोंड लपवलं. करडू अगदीच लहान होतं. त्यामागे काही लपलं नाही.

दाराशी टक टक झाली. बाबा आत येऊन पालथ्या घातलेल्या बादलीवर बसले. बराच वेळ चोळणाऱ्या हातांकडे बघत राहिले.

थोरलीने वर न बघता विचारलं, अट एकटीनं करायची होती ना? मग बाटली हातात कशाला घेतली? तिचे शब्द कुसेवरच्या हातांच्या तालावर पडत होते. एकटीनं कर म्हणायचं, वर दुर्बीण लावायची, वर चोरून पाजायचं, ही कुठली पद्धत?

"अट तू हरावीस म्हणून घातली होती," बाबा म्हणाले.

तिचा हात थांबला. लिफ्टवाल्याने तो न बोलता बाजूला केला आणि स्वतः चोळायला लागला.

"तुझी आई गेल्यापासून मी एकट्यानं केलं. लोक कौतुक करायचे. त्या दिवशी माळ्यावर चढलो तेव्हा तू अंगणातच होतीस. शिडी धर म्हणून हाक मारायची होती, बस." बाबांनी प्लास्टरकडे पाहिलं, जणू ते दुसऱ्या कोणाचं होतं. "तोंडातून हाकच निघेना. सवय गेली माझी. तुझंही तेच व्हायला लागलेलं दिसत होतं, ओसरीवर बसल्या बसल्या. वाटलं, हरशील... आणि सुटशील."

"मग सरळ सांगायचं."

"सरळ सांगितलेलं तू कधी ऐकलंस?"

ती भडकली. वर्षानुवर्षांचं सगळं एकदम वर आलं. मला सोडवायला कोणी सांगितलं होतं तुम्हाला? मी अडकले नाहीये इथे. मला हे आवडतं. हा वास आवडतो, या शेळ्या आवडतात, पहाटे उठायला आवडत नाही पण उठल्यावर आवडतं. मी हरले असते तर तुम्ही माझं भलं केलं म्हणून समाधानाने मेला असता, आणि मी धाकटीच्या गॅलरीत बसून कुंड्यांना पाणी घातलं असतं.

बोलता बोलता तिचा आवाज पत्र्याला लागला, आणि त्या आवाजाने असो, तेलाने असो की चोळून चोळून असो, एक्स्ट्राने लिफ्टवाल्याच्या खांद्यावर एक प्रदीर्घ, संपूर्ण, कोणा थोर पुरुषाला शोभेल असा ढेकर दिला. पाठोपाठ दुसरीकडूनही वारा सरला.  करडाने मान उचलली, सभोवार पाहिलं आणि भुकेलेला चेहरा केला.

"कोणी काही देणार नाही," थोरली म्हणाली, आणि मग ती रडली. लिफ्टवाल्याने करडू धरलेलं होतं, म्हणून त्याला तिचे डोळे पुसता आले नाहीत. त्याने आपला कोरडा खांदा, म्हणजे कमी तेलकट असलेला, जरा पुढे केला. तिने त्यावर कपाळ टेकवलं. बाबांनी या वेळी दुर्बीण लावली नाही; उठून बाहेर गेले.

जनावरांचे डॉक्टर आले तेव्हा करडू उभं होतं. त्यांनी पोट चाचपलं, वाचेल म्हणाले, आणि पुन्हा ओळीत उभ्या राहिलेल्या सगळ्यांवर ओरडले. ओरडण्यात थोरलीला त्यांच्याकडून शिकण्यासारखं बरंच होतं.

आठवडा संपला त्या सकाळी कोंबडीवाला मोजपट्टी घेऊन कुंपणाशी आला. बाबांनी त्याला ओसरीवर बोलावून सांगितलं की अट बदललीय. पोरीनं शेत करायचं, पण एकटीनं नाही. एकटीनं करताना दिसली तर त्याच दिवशी जमीन तुझी. कोंबडीवाल्याला हे नीटसं समजलं नाही. तो मोजपट्टी गुंडाळून निघाला, आणि जाताना थोरलीकडे असा बघून गेला की ती कधी एकटी दिसते याच्यावर त्याची नजर राहणार होती.

तिला नवी अट जुनीपेक्षा अवघड वाटली. काम करायला तिची ना नव्हती. कोणाला ये म्हणणं... ते तिने कधी केलं नव्हतं.

गाडी अंगणात येऊन उभी राहिली. मुख्याध्यापिकाबाईंनी न विचारताच सांगितलं की दर महिन्याला येईन, गोठ्याला शिस्त नाही. दातांचे डॉक्टर बोकडाच्या दाढेसाठी पुन्हा येणारच होते. कंडक्टर म्हणाला, सुटी मिळाली की हजर. थोरलीने प्रत्येकाला चिडून बरं म्हटलं. लिफ्टवाला मात्र पिशवी खांद्याला लावून गाडीत चढला, खिडकीशी बसला, आणि काहीच बोलला नाही.

गाडी सुरू झाली. थोरली दोन क्षण तशीच उभी राहिली. मग तरातरा पुढे गेली आणि गाडीच्या पत्र्यावर थाप मारली.

"खाली उतर."

तो उतरला. गाडीतले सगळे खिडक्यांना चिकटले.

"सगळे येतो म्हणाले. तू का बोलला नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

"त्यांनाही नव्हतं विचारलं."

"म्हणून तर," तो म्हणाला. "मला तू म्हटल्यावर यायचंय."

"मला ते येत नाही. मला ओरडता येतं."

"मग ओरडून विचार. माझी ना नाही."

तिने श्वास घेतला. कान लाल झाले. मागे आत्या, ओसरीवर बाबा, खिडक्यांत तीन चेहरे, आणि कुंपणापलीकडे कोंबडीवाला, सगळे बघत होते. "मला तू आवडतोस," ती सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशी ओरडली. "याचा मला भयंकर राग येतोय. आठवडाभर येतोय. तू परत येशील का?"

कंडक्टरने खिडकीतून हळूच सांगितलं, गाडी थांबलेलीच आहे, सावकाश होऊ द्या. मुख्याध्यापिकाबाईंनी त्याला दटावलं.

लिफ्टवाला हसत होता. ओल्या चष्म्यामागे त्याचे डोळे नेमके काय करत होते ते कळत नव्हतं, आणि ते न कळल्याचाही तिला राग आला.

"येईन," तो म्हणाला. "शनिवारी."

त्याने हात पुढे केला. तिने तो धरला, आणि धरल्यावर सोडायचा कधी असतो ते तिला ठाऊक नव्हतं. ड्रायव्हरने उभ्या गाडीचं इंजिन उगाचच घुरघुरवून बघितलं. पाऊस पुन्हा सुरू झाला होता. तिचा अंगठा त्याच्या मनगटावर होता आणि तिथे त्याची नाडी धावत होती, अगदी शांत माणसाची म्हणून जी असायला हवी तिच्या दुप्पट.

"शनिवार लांब आहे," ती म्हणाली.

हे तिने ओरडून म्हटलं नव्हतं. म्हणून ते त्याच्या एकट्याच्याच कानावर पडलं, आणि गाडीतले बाकीचे, काय म्हणाली, काय म्हणाली, असं एकमेकांना विचारत राहिले.